रविवारची पापकबुली आणि सोमवारचा काटा

काळी_कसदार (यवतमाळ जिल्हा)

सर्व बंधुभगिनींना ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत. पाळकसाहेबांकडे चार-पाच गावांची जबाबदारी असल्यामुळे ते दर रविवारी येऊ शकत नाहीत. ते नसतील त्या दिवशी आम्ही कोणाच्या तरी ओसरीवर जमतो, वचन वाचतो, पापकबुलीची प्रार्थना करतो आणि गाणी म्हणून उठतो. सध्या बायबलमधील प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा सहावा, सातवा आणि आठवा अध्याय आम्ही ओळीने वाचत आहोत. आपण पापाला मेलेले आहोत, असे पौल सहाव्यात सांगतो. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच हातून घडते, असे तोच सातव्यात सांगतो. जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, असे आठव्याच्या आरंभी येते. आमच्या बैठकीत या तिन्हींपैकी सातवा अध्याय सर्वांना फार जवळचा वाटला. प्रेषिताला जे साधले नाही ते आपल्याला कसे साधावे, असा एक सुटकेचा सूर बोलण्यात होता, आणि मला त्या सुराचीच काळजी वाटते. पौल त्या अध्यायाच्या शेवटी आक्रोश करतो. तो निवांत होऊन बसत नाही.

उदाहरण देतो. दिवाळीनंतर घरात कापसाची गंजी लागते आणि गाडी भरण्याच्या आदल्या रात्री तिच्यावर पाणी मारण्याची रीत आमच्या भागात कित्येक घरांत आहे. वजन वाढावे एवढाच तिचा हेतू असतो. विचारले तर उत्तर तयार असते की खेडा खरेदीचा, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी काट्यात मारतो, वर कटती लावतो, म्हणजे ओलाव्यापोटी कपात करतो, मग आपण काय गमवायचे? आमच्या रविवारच्या कबुलीत दारू येते, शिवीगाळ येते, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी झालेले भांडण येते, तंबाखूचा खर्रा तर हमखास येतो. पण कापसावर मारलेले पाणी मी आजवर कोणाच्या कबुलीत ऐकलेले नाही. माझ्या घरी ही रीत बंद आहे, तरीही मोह बंद झालेला नाही. ज्या वर्षी भाव पडलेला असतो आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते, त्या वर्षी गंजीजवळून जाताना मन हिशेब मांडू लागते.

म्हणून विचारतो. गाव ज्याला पाप म्हणते त्याच्याशी झगडणे कठीण असले तरी तेथे निदान शत्रू दिसतो. सगळे गाव ज्याला व्यवहार म्हणते त्याच्याशी रोज कसे झगडावे? आणि रविवारी कबूल केलेली गोष्ट सोमवारी पुन्हा करणाऱ्याची कबुली देवासमोर काय ठरते?

विश्वासी_वाशीम

भाऊ, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. जो देवापासून जन्मला आहे तो पाप करत नाही, असे योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. आपण मात्र या वाक्याला इतक्या पळवाटा काढल्या आहेत की बाप्तिस्मा झालेला माणूस आणि न झालेला माणूस बाजारात वेगळा ओळखू येत नाही. सोमवारी तेच पाप पुन्हा करणाऱ्याला धीर देण्यापूर्वी त्याला हे विचारले पाहिजे की त्याचा नवा जन्म खरोखर झाला आहे काय. प्रश्न कठोर वाटेल, परंतु पेशंटला आजार न सांगणारा डॉक्टर दयाळू नसतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवाने आपल्याला कसे बदलले याच्या साक्षी पुष्कळ होतात आणि त्या ऐकून आनंदही होतो. तरी साक्ष देणाऱ्याच्या शेजाऱ्याला काय वाटते हे विचारण्याची पद्धत आपण पाडली नाही, आणि ती पाडावी असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त_शिक्षक (दारव्हा तालुका)

वाशीमच्या बंधूंनी दाखवलेले वचन टाळता येणार नाही, हे मान्य. मात्र आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो, हेही त्याच पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहिले आहे आणि लिहिणारा हात एकच आहे. दोन्हींच्या मध्ये, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी, योहान म्हणतो की तुम्ही पाप करू नये म्हणून मी हे लिहितो, आणि कोणी पाप केलेच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. माझ्या समजुतीप्रमाणे रोज जगायचे ते या वाक्यात. पाप करू नये हा हेतू त्यात पातळ झालेला नाही, आणि पडलेल्याला दारही बंद झालेले नाही.

हा वाद मंडळीइतकाच जुना आहे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत असे म्हटले आहे की अत्यंत पवित्र माणसालाही या जन्मात आज्ञापालनाचा केवळ लहानसा आरंभ साधतो, तरी तो काही आज्ञांप्रमाणे नव्हे तर सर्व आज्ञांप्रमाणे जगण्याचा निश्चय करून चालू लागतो. मेथडिस्ट परंपरेने याहून अधिक आशा धरली. देवाची प्रीती माणसाचे अंतःकरण याच जन्मात पूर्णपणे व्यापू शकते, अशी जॉन वेस्ली यांची शिकवण होती. आपल्या यवतमाळ भागात ज्या फ्री मेथडिस्ट मिशनने काम केले, ती मंडळी १८६० मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. गुलामगिरीला विरोध आणि चर्चमधली आसने पैसे घेऊन राखून ठेवण्याच्या प्रथेला विरोध, हे तिच्या स्थापनेमागचे मोठे मुद्दे होते. पवित्रीकरण, म्हणजे जीवन पवित्र होत जाणे, हाच ज्यांचा मुख्य विषय, त्या लोकांना पावित्र्याचा संबंध बाजाराशी आणि बाकाच्या भाड्याशी आहे हे दिसत होते. १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळलाच होती आणि तेथे निरनिराळ्या मंडळ्यांचे लोक एकत्र शिकत. या प्रश्नावर दोन मते असणे आपल्या भागाला नवे नाही.

आता धागाकर्त्यांनी विचारलेले ‘रोज कसे’ याकडे येतो. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या मेथडिस्टांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग पाडण्यात आले आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी वर्गनायक घरोघर जाऊ लागला. घरी गेल्यावर त्याला दिसले की एक घरात भांडतो आहे, दुसरा दारूकडे वळला आहे, तिसरा निराश होऊन बसला आहे. वर्गणीसाठी सुरू झालेली ही फेरी आत्म्याची विचारपूस करण्याची रीत झाली आणि पुढे अनेक पिढ्या टिकली. मला या हकिकतीत फार मोलाचे वाटते ते हे की पाप उपासनेच्या जागी दिसले नाही, घरी गेल्यावर दिसले. आपली रविवारची कबुली सर्वसाधारण शब्दांत होते. ‘प्रभू, आम्ही विचाराने, शब्दाने व कृतीने पाप केले’ हे वाक्य खरे आहे, परंतु त्यात कापूस नाही, रात्र नाही आणि पाण्याची बादलीही नाही. दुसऱ्याची बायको घेतलेल्या दाविद राजालाही नाथान संदेष्ट्याने आधी एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि मग ‘तो माणूस तूच आहेस’ असे म्हटले. दाविदाच्या पश्चात्तापाचे एक्कावन्नावे स्तोत्र त्यानंतरचे आहे. आपल्या ओसरीवर दोघा-तिघांनी एकमेकांसाठी नाथानाचे काम पत्करल्याशिवाय हा झगडा गावाच्या व्यवहारापर्यंत पोहोचणार नाही.

वेचणीवाली

मी हा धागा कालपासून वाचत आहे. आमचे स्वतःचे कोरडवाहू शेत थोडे आहे, त्यामुळे हंगामात मी दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जाते. आमच्या बायांच्या टोळीत दोघी ख्रिस्ती आहोत आणि काही हंगामांत आम्ही आपल्याच मंडळीतल्या एका घरचा कापूस वेचतो.

भाऊंनी व्यापाऱ्याच्या काट्याबद्दल लिहिले. मला आमच्या काट्याबद्दल लिहायचे आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी गाठोडी शेताच्या कडेला काट्याला लागतात, आकडा मालक वाचतो, वहीत मालकच लिहितो, आणि सकाळच्या कापसात दव असते म्हणून वजनातून काही कापून घेतो. कधी फडक्याचे वजन म्हणून आणखी कापले जाते, जरी फडके एवढे जड नसते हे सर्वांना ठाऊक असते. आता यापुढचा भाग वाचावा. आमच्या मजुरीतून जो ओलावा वजा झाला, तोच ओलावा विक्रीच्या आदल्या रात्री बादलीने परत घातला जातो. एकाच कापसावर बाईकडून पाण्याचे पैसे कापले आणि व्यापाऱ्याकडून पाण्याचे पैसे घेतले.

आपल्यात मापात पाप म्हणतात. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये असे सांगितले आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी तागडी व वजने खरी असावीत असेही सांगितले आहे. याकोबाने पाचव्या अध्यायात लिहिले आहे की शेत कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडत आहे, आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी गेले आहे. मोहाशी झगडा करताना माणूस स्वतःच्या मनात पाहतो, ते बरोबरच आहे. परंतु ज्याचे नुकसान झाले त्याला विचारले तर पाप जरा लवकर सापडेल. आमच्या टोळीला आजवर कोणी विचारलेले नाही.

काळी_कसदार

ताई, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. दव कापण्याची रीत आमच्याही शिवारात आहे आणि ती रास्त आहे की नाही, असा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत निघालेला नाही. मी व्यापारी आणि शेतकरी या दोघांतच धर्म-अधर्म शोधत होतो.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि १२ टक्क्यांपर्यंतचाच कापूस घेतात. वरच्या टक्क्यांना भाव कमी होतो. तेथे यंत्र लावून पाहतात. खेडा खरेदीत बहुतेक वेळा यंत्र नसते, हात घालून अंदाज घेतला जातो. गावात चार घरांनी पाणी मारले की व्यापारी पाचव्याच्या कोरड्या कापसालाही तीच कटती लावतो. पाणी मारणारा आपण व्यापाऱ्याला फसवले असे समजत असतो, आणि नुकसान मात्र कोरडा कापूस आणणाऱ्या शेजाऱ्याच्या पदरी पडते. शिवाय ओली गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते, ते वेगळेच.

मग मागे ज्यांनी असे केले आहे त्यांनी भरपाई कोणाला आणि कशी करावी? आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न मला खासगीत विचारला आहे आणि त्यांची परवानगी घेऊन मी तो येथे ठेवतो.

वर्धेचा_वाटसरू

भरपाईबद्दल जाणत्यांनी लिहावे. मी रोजच्या झगड्याबद्दल लिहितो, कारण माझा झगडा दारूशी आहे आणि तो अजून संपलेला नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. कायद्यामुळे उघड दुकान राहत नाही, रस्त्यावरून बायकापोरांना निर्धास्त जाता येते, आणि हे फार मोठे काम आहे. गडचिरोलीत त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. परंतु ज्याला प्यायची असते त्याला ती मिळते. नियमशास्त्र पवित्र आहे, आज्ञा चांगली आहे, आणि तरी माझ्यातले पाप त्याच आज्ञेची संधी साधते, हे सातव्या अध्यायातले पौलाचे म्हणणे मी बंदीच्या जिल्ह्यात राहून शिकलो.

वाशीमच्या बंधूंचा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि मी स्वतःलाही विचारला आहे. नवा जन्म झाला असता तर इच्छा गेली असती, असे ऐकून मी काही काळ प्रार्थनासभेला जाणेच सोडले, आणि सभेला जाणे सुटल्यावर दारूचा अड्डा जवळ आला. पाप दारापाशी टपून बसले आहे, तुझ्यावर त्याचा रोख आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालवावी, असे देवाने काइनाला सांगितले, तेव्हा काइनाच्या हातून भावाचा खून अजून घडलेला नव्हता. टपलेले असणे आणि आत आलेले असणे यांत फरक आहे. हा फरक कळल्यावर मी सकाळी उठल्याबरोबर लाज वाटून घेण्याऐवजी दाराकडे लक्ष देऊ लागलो. कापूस किंवा तूर विकल्याचे पैसे माझ्या हाती येत नाहीत, घरच्यांच्या खात्यात जातात. आठवडी बाजाराला मी एकटा जात नाही. पोळ्याच्या संध्याकाळी, जेव्हा बैल फिरवून झाल्यावर मित्रमंडळी बोलावतात, तेव्हा मंडळीतला एक बंधू माझ्याकडे जेवायला येतो. तो काही उपदेश करत नाही. जेवतो, बसतो, उशिरा घरी जातो.

सातपुडा_परिचारिका

वरच्या प्रतिसादातील बंधूंसाठी मी मनापासून प्रार्थना करते. मी चिखलदरा भागात रुग्णसेवेत आहे, म्हणून एवढेच सांगणे आवश्यक समजते की पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने प्रार्थनेच्या जोरावर एका दिवसात सर्व बंद करण्याचे ठरवले, तर त्याला हातापायांना कंप, भ्रम, क्वचित झटकेही येऊ शकतात आणि त्यात जिवाला धोका असतो. अशा माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे आणि औषधोपचाराखाली दारू सोडवावी. त्याला अंगात काही संचारले आहे असे समजून कोंडून ठेवू नये. उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. देवाने शरीरही घडवले आहे.

संध्यागीत (अमरावती)

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या रीतीतून उत्तर देते. वर्षातून निदान एकदा पापकबुली द्यावी, हा नियम आमच्याकडे १२१५ च्या लॅटरन धर्मसभेपासून आहे. कबुलीत चोरीचा किंवा फसवणुकीचा विषय निघाला तर शक्य तेवढी भरपाई करण्यास फादर सांगतात, कारण परत करण्याची तयारी नसलेला पश्चात्ताप अपुरा मानला जातो. खेड्यात आणखी एक अडचण असते. एकमेकांजवळ पापे कबूल करा, असे याकोब म्हणतो, पण जिथे सगळेच नात्यातले आहेत तिथे सकाळची कबुली संध्याकाळी विहिरीवर पोहोचते. फादरांना कबुलीत ऐकलेले कोणत्याही कारणाने सांगता येत नाही, हे बंधन किती दयेचे आहे हे अशा गावात कळते. तुमच्या ओसरीवरील गटाने काही ठरवायचे असेल, तर सर्वांत आधी तोंड बंद ठेवण्याचे ठरवावे, अशी माझी विनंती आहे.

भरपाईविषयी मोशेच्या ग्रंथांत स्पष्ट रीत दिलेली आहे. लेवीयच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे जे घेतले ते परत करावे आणि त्यात पाचवा हिस्सा घालावा. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुढची अडचणही सोडवली आहे, की ज्याला द्यायचे तो राहिला नाही आणि त्याचे जवळचे कोणी नाही, तर ती भरपाई परमेश्वराकडे, म्हणजे याजकाकडे जाते. येशू ज्याच्या घरी उतरला त्या जकातदार जक्कयाने तर फसवून घेतलेले चौपट देण्याचे बोलून दाखवले. आकडा कोणता धरावा याबद्दल मी आग्रह धरणार नाही. नाव आठवत असेल तर माणसाला द्यावे आणि आठवत नसेल तरी स्वतःजवळ ठेवू नये, एवढे मला यातून दिसते.

विश्वासी_वाशीम

वर्ध्याच्या बंधूंना लिहितो. माझ्या प्रश्नासारख्या प्रश्नाने तुम्ही सभेपासून दूर गेलात, हे वाचून मला दुःख झाले. मी तो प्रश्न मागे घेत नाही, परंतु तो सभेत बसवून, हात धरून विचारायचा आहे, दाराबाहेर उभे करून नव्हे. तुमच्या झगड्यात मला नव्या जन्माची खूण दिसते, कारण मेलेला माणूस झगडत नाही.

भरपाईच्या चर्चेत एक जपावे. भरपाई केली म्हणून कोणी देवासमोर नीतिमान ठरत नाही. येशू जक्कयाच्या घरी राहायला गेला तेव्हा त्याने अजून एक पैसाही परत केलेला नव्हता. क्रम उलटा केला तर आपण पैसे देऊन क्षमा विकत घेऊ लागू. मात्र क्रम नीट ठेवून कोणी काहीच परत करणार नसेल, तर त्याच्या घरी येशू गेला होता काय, अशी शंका मी घेईन.

निवृत्त_शिक्षक

या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पौलाने इफिसकरांस जे लिहिले ते येथे लागू पडते: चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी, इतकेच सांगून तो थांबत नाही, तर गरजवंताला देता यावे म्हणून आपल्या हातांनी काम करावे, असे सांगतो. पाप सोडणे ही त्या वचनाची अर्धी वाट आहे. आपण तेवढ्यावर समाधान मानतो म्हणून मोकळी झालेली जागा पुन्हा भरते. ज्या वर्षी गंजीवर पाणी मारले नाही, त्या वर्षी वेचणाऱ्या बायांना किलोमागे थोडे अधिक दिले, तर पुढच्या वर्षी मोहाला उभे राहायला जागा कमी मिळेल, असे मला वाटते.

काळी_कसदार

काल आमची बैठक झाली. पाळकसाहेब आले होते. त्या वडीलधाऱ्यांनी स्वतःहून विषय काढला आणि दोन शेतकरी कुटुंबांनी त्यांना साथ दिली. ज्या व्यापाऱ्याला ओला कापूस घातला तो अजून गावात येतो, त्याला सांगून हिशेब करण्याचे ठरले. तो हसेल, कदाचित गावभर सांगेल, अशी भीती एकाने बोलून दाखवली. पाळकसाहेब म्हणाले की भीती खरी आहे, आणि ते स्वतः सोबत जातील. वेचणीबाबत असे ठरले की दव व फडके यांची कपात बंद करायची, आणि विक्रीसाठी जो काटा वापरायचा तोच वेचणीलाही वापरायचा. बैठकीत ऐकलेले बाहेर न बोलण्याचेही सर्वांनी मान्य केले. सर्वांनी सर्व मान्य केले असे मात्र नाही. एका घराने कपात सोडण्यास नकार दिला आहे, आणि त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

ताई, तुमच्या टोळीच्या दृष्टीने यात काही राहिले असेल तर कळवावे.

वेचणीवाली

कळवते. आकडा मालकाने वाचू नये, आमच्यापैकी जिला वाचता येते तिने मोठ्याने वाचावा आणि वहीत मालकाने लिहावा. म्हणजे दोघांचेही डोळे काट्यावर राहतील. दवाची कपात बंद केल्यावर मालकाचे खरोखर नुकसान होऊ नये, म्हणून आम्ही दव उतरल्यावरच वेचणीला सुरुवात करू. त्यामुळे आमचे सकाळचे काही तास जातील. त्या तासांत मालकाने पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, गोळा करण्याचे किंवा निंदणाचे काम दिले आणि त्याची मजुरी वेगळी धरली, तर दोन्हीकडून नीट जमेल. नकार दिलेल्या घरी आमच्या टोळीतल्या दोघी जणी बोलायला यायला तयार आहेत. कधी यावे ते पाळकसाहेबांना विचारून सांगावे.